सहापदरी रस्त्यावरची गौर

गौर गाडीत बसून येत नाही, एवढं एकच वाक्य सासूबाई फोनवर म्हणाल्या आणि सुवर्णाच्या पुढच्या सगळ्या आठवड्याचा निकाल लागला.

तसं त्यांचं काही चुकत नव्हतं. आगाश्यांच्या घरी खड्याच्या गौरी. मुखवटे नाहीत, साड्या नेसवणं नाही. पाणवठ्यावर जायचं, सात खडे निवडायचे, ताम्हनात ठेवून घरी आणायचे. नियम मोजकेच, पण जागचे हलवता न येणारे. पाणी वाहतं हवं. आणणारीने अनवाणी, पायी यायचं. तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला. मागे वळून बघायचं नाही, आणि मागून कुणीतरी घंटा वाजवत यायचं. पुण्यात नदी दोन गल्ल्या सोडून होती, आणि ताम्हन घेतलेली मुकी बाई दिसली की रस्त्यातली माणसं आपसूक बाजूला व्हायची. अमेरिकेतल्या या अल्फारेटाला नदी नव्हती. बाजूला होणारी माणसंही नव्हती, कारण रस्त्यावर मुळात माणसंच नव्हती. जी होती ती गाड्यांमध्ये होती, आणि कुणी पायी चालताना दिसलं की या बाईची गाडी कुठे बंद पडली, असं त्यांच्या चेहऱ्यावर यायचं.

त्या वर्षी सासूबाईंचे गुडघे संपावर गेले होते. “यंदा गौर तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. इथे गुरुजी सुपारीवर भागवतील.”

भागवतील हा शब्द सुवर्णाला लागला. अमेरिकेत आल्यापासून तिचं सगळं भागवण्यावरच चाललं होतं. दूध संपलं की नवऱ्याची, केदारची वाट बघायची, पोराला ताप आला की शेजारणीची. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. दुसऱ्या वेळी तर परीक्षकाने तिला अदबीने उतरवून गाडी स्वतःच पार्क करून दिली होती. चालणं तेवढं तिला कुणाच्या परवान्याशिवाय येत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असं काम समोर आलं होतं की जे फक्त चालूनच करता येतं. ते सुपारीवर भागवून घ्यायला ती तयार नव्हती.

पहिला विचार घराजवळच्या कारंज्याचा आला. अपार्टमेंटच्या दारातच एक तळं होतं, मधोमध कारंजं, कडेने गुळगुळीत खडे. पण खडे अपार्टमेंट चालवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे. न विचारता उचललेली गौर काय कामाची, म्हणून सुवर्णा ऑफिसात गेली आणि तिथल्या हसऱ्या मुलीला म्हणाली, कारंज्याजवळच्या खड्यांबद्दल बोलायचं आहे. मुलीने सगळं मन लावून ऐकलं, कंप्युटरवर टाइप केलं, काळजी करू नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर मोठं ब्लोअर बांधलेला एक माणूस आला आणि दुपारपर्यंत त्याने कारंज्याभोवतीचे सगळे खडे उचलून नेले. संध्याकाळी दाराला चिठ्ठी लावलेली होती की आपली तक्रार दूर केली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

ही बातमी सगळ्यात आधी नंदाकाकूंना कळली. नंदाकाकू म्हणजे वरच्या मजल्यावर मुलाकडे नागपूरहून आलेल्या बाई. त्यांच्याकडे महालक्ष्म्या उभ्या असतात, पैठण्या नेसवलेल्या, दागिन्यांनी मढवलेल्या, पुढ्यात सोळा भाज्या.

“म्हणजे तुम्ही दगड मांडता?” त्यांनी सगळं ऐकून विचारलं.

“खडे,” सुवर्णा म्हणाली.

“तेच नं. अन् त्यासाठी एवढं काहून करून राहिली तू? आमच्या महालक्ष्म्या तर सुटकेसमध्ये आल्या, विमानानं. काही म्हणाल्या नाहीत.”

जगन्नाथकाकांनी मात्र प्रश्न गांभीर्याने घेतला. हे समोरच्या इमारतीत मुलीकडे आलेले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून त्यांना पाण्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता. ते हात मागे बांधून कारंज्याभोवती हिंडले. एक वाळकं पान पाण्यात सोडलं आणि ते कुठे जातं ते बराच वेळ बघत उभे राहिले. पान गोल फिरून त्यांच्याच पायाशी आलं.

“वाहतं दिसतंय, पण वाहत नाहीये,” त्यांनी निकाल दिला. “पंपाने तेच पाणी फिरवतात. याला उगम नाही, मुख नाही. मी तरी याला प्रवाह म्हणणार नाही.”

मग त्यांनीच जावयाच्या कंप्युटरवरून नकाशा छापून आणला आणि त्यावर लाल पेनाने एक ओढा दाखवला. खरा ओढा, जंगलातून येणारा. जवळच होता, मध्ये फक्त एक रस्ता होता. तो सहापदरी होता, ही गोष्ट काकांना नगण्य वाटली. धरणापेक्षा लहान कशालाही ते अडथळा मानत नसत.

राहता राहिली मुलं. केदारच्या ऑफिसात नेमकं गौर आणायच्या शनिवारीच सॉफ्टवेअर रिलीज होतं, म्हणजे तो कानाला हेडसेट लावून घरात असणार पण नसणार. सहा वर्षांच्या रुचाला घंटा वाजवायला न्यायचंच होतं. तीन वर्षांच्या सिद्धेशचं काय? बाबागाडी ढकलायला हात लागतात आणि दोन्ही हातांत ताम्हन. शेवटी शेजारच्या अमेरिकन बाईने एक वस्तू आणून दिली. माकडाच्या आकाराची पाठीवरची पिशवी, पोराच्या छातीवर बकल, आणि माकडाची लांबलचक शेपटी आईने हातात धरायची. मॉलमध्ये पोरांना असं बांधून फिरवणाऱ्या बायका बघून सुवर्णा कितीदा हळहळली होती, लेकराला काय कुत्रं समजतात म्हणून. आता तिने ती शेपटी स्वतःच्या कमरेला, जरीच्या साडीवरून, दोन गाठी मारून बांधली. सिद्धेशची काहीच हरकत नव्हती. आपल्याला शेपूट आहे, म्हणजे आपण मारुती, हे त्याने लगेच ठरवून टाकलं.

जाताना सगळं सुरळीत झालं. वाटेत तीन गाड्या थांबल्या, तीन माणसांनी लिफ्ट हवी का विचारलं, सुवर्णाने तिघांनाही नो थँक यू सांगितलं. ओढा जगन्नाथकाकांनी सांगितलेल्या जागीच होता, स्वच्छ, खळाळता, आणि वरच्या अंगाला बदकं. केदारने बजावून ठेवलं होतं की ओढ्याचं पाणी तोंडात घ्यायचं नाही, म्हणून चुळीसाठी घरून बाटली आणलेली. सुवर्णाने सात खडे निवडले, धुतले, हळद-कुंकू वाहिलं. चपला माकडाच्या पोटात कोंबल्या. मुलांना शेवटची तंबी दिली आणि गाल फुगेपर्यंत पाणी तोंडात भरून निघाली.

दहा पावलांत तिच्या लक्षात आलं की आपण आजवर मुलांना चालवत नव्हतो, बोलत होतो. इकडे ये, तिकडे नको, हात धर, ते उचलू नकोस, टाक ते, टाक म्हणते ना. या धाग्यावर पोरं रस्त्यातून पुढे सरकत होती आणि तो धागा आता तोंडात पाण्याखाली बुडाला होता.

पोरांच्याही ते लक्षात आलं. सिद्धेशने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर तोच प्रश्न आणखी मोठ्याने विचारला. मग तो फुटपाथवर फतकल मारून बसला, शेपटी ताणली गेली आणि सुवर्णा जागच्या जागी लगाम खेचलेल्या घोड्यासारखी थांबली. तिने डोळे वटारले. पण डोळे वटारण्याला मागून शब्दांचा आधार लागतो, नुसते डोळे फार वेळ टिकत नाहीत. तिकडे मागे रुचाची घंटा बंद झाली. वळून बघायचं नव्हतं. सुवर्णाने पाय आपटला. घंटा पुन्हा सुरू झाली, पण आता ती जिंगल बेल्सच्या चालीवर वाजत होती.

त्यातच फुटपाथ संपला. अमेरिकेतले फुटपाथ कशाने संपतात हे आजवर कुणाला कळलेलं नाही. चांगला रुंद, सिमेंटचा फुटपाथ एका हिरवळीपाशी येऊन असा थबकतो की जणू बांधणाऱ्याला घरून फोन आला. हिरवळ अनवाणी पायांना बरी वाटली, तोवर जमिनीतून फवारे उसळले. दोन्ही पोरं आनंदाने किंचाळली. जरीची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. सुवर्णाने ताम्हन डोक्याच्या उंचीवर धरलं आणि गाल सांभाळत, कमरेला माकड ओढत, ती फवाऱ्यांतून पार झाली. समोर तो सहापदरी रस्ता आला आणि पलीकडे घराची गॅलरी दिसली. तिला वाटलं, झालंच की.

त्याच क्षणी निळे दिवे लावलेली पोलिसांची गाडी हळूच कडेला येऊन थांबली.

उतरलेला पोलीस उंच, तरुण आणि अतिशय सभ्य होता. मॅडम, सगळं ठीक आहे ना, असं त्याने विचारलं. सुवर्णाने जोरजोराने मान हलवली. गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले, साडी भिजलेली, त्यामुळे तिचं ते हो म्हणणं कुणालाही नाही असंच वाटलं असतं. पोलीस गुडघ्यावर बसून रुचाकडे वळला. रुचाला इंग्रजीत प्रश्न विचारले की ती फार नेमकी उत्तरं देते, तिच्या बाईंनी तसं प्रगतिपुस्तकात लिहिलेलं होतं.

तिने सांगितलं की आईला बोलायची परवानगी नाही.

“कुणी नाही दिली?”

“आजीने. डॅडीच्या आईने.”

“आणि डॅडी काय म्हणाले?”

“म्हणाले, ती सांगते तसं कर.”

पोलिसाने काळा चष्मा काढला. हिच्या पायात बूट का नाहीत? आजीने सांगितलं. हा छोटा मुलगा बांधलेला का आहे? पळून जातो म्हणून. आणि तू घंटा का वाजवतेस? आईला मागे बघायची परवानगी नाही, म्हणून. शेवटी त्याने ताम्हनाकडे बोट केलं. यात काय आहे?

“गणपतीची मम्मी.”

पोलिसाने सातही खडे नीट पाहून घेतले. “यातली कुठली?”

“ऑल ऑफ देम,” रुचा म्हणाली.

सुवर्णाच्या अंगाला घाम सुटला. पोरगी एक शब्द खोटं बोलत नव्हती आणि सगळं मिळून एक पोलीस केस तयार होत होती. पाणी गिळून ती दोन वाक्यं बोलली असती तर सगळं मिटलं असतं. पण ओढ्यापासून इथपर्यंत, फवाऱ्यांतूनसुद्धा, गौर बिनबोभाट आली होती आणि घर समोर दिसत होतं. तिने भुवयांनी घर दाखवलं, हनुवटीने ताम्हन दाखवलं, मानेने नमस्कार केला. लहानपणी शाळेच्या नाटकात तिला झाडाचं काम मिळालं होतं, त्याहून जास्त अभिनय तिने आयुष्यात केला नव्हता. पोलीस हलक्या आवाजात म्हणाला की घाबरू नका, आमच्याकडे अशा बायकांना मदत करणारी माणसं आहेत.

आणि तेव्हा तिला कमरेजवळ बारीकसा टक् असा आवाज ऐकू आला.

गाडीतल्या सीटचं बकल उघडायला सिद्धेश गेल्याच महिन्यात शिकला होता. माकडाचं त्याहून सोपं होतं. शेपटी सैल पडली आणि तो फिरणाऱ्या निळ्या दिव्यांकडे, गाडीला वळसा घालून, वाहत्या रस्त्याच्या अंगाला धावला.

“सिद्धू, थांब!”

पुण्याच्या वाड्या-सोसायट्यांत चार मजले ऐकू जाईल असा तो आवाज होता. चुळीचं सगळं पाणी पोलिसाच्या शर्टावर गेलं. सिद्धेश पाय उचललेला तसाच थिजला. पुढच्याच क्षणी एक भला मोठा ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने सुवर्णाचा पदर तोंडावर आला, आणि तिने तो बाजूला सारेपर्यंत पोलिसाने दोन ढांगांत जाऊन पोराला उचलून आणलं होतं.

ताम्हन तिच्या हातात सरळच होतं. खडे सातच्या सात होते. ती गवतावर बसली आणि मग बोलायला लागली. गौर, सासूबाई, गुडघे, सुपारी, कारंजं, खडे नेणारा माणूस, दोनदा नापास झालेली परीक्षा, सगळं एका दमात, तिला येत होतं त्याहून बऱ्याच चांगल्या इंग्रजीत. पोलीस शर्ट पुसत ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“म्हणजे घर तिथे आहे,” तो पलीकडे दाखवत म्हणाला. “मग झालंच. चला, मी रस्ता ओलांडून देतो.”

सुवर्णाने गॅलरीकडे पाहिलं. बाटलीत पाणी उरलं होतं. एक घोट तोंडात घ्यायचा, रस्ता ओलांडायचा, कुणाला काही कळलं नसतं. पोरांना पत्ता लागला नसता, केदारला तर मुळीच नाही. पण मग ते भागवणंच झालं असतं, आणि तेही सुपारीइतकं सुद्धा प्रामाणिक नव्हे.

“आय हॅव टु गो बॅक,” ती म्हणाली. “ओढ्यापर्यंत. पुन्हा पहिल्यापासून.”

“अगेन?” रुचा म्हणाली. “आई, नो वे.”

पोलीस विचारात पडला. मग म्हणाला की ओढ्यापर्यंत गाडीने सोडतो. जाताना गाडी चालते का? सुवर्णाने क्षणभर विचार केला. नियम येण्याचा होता, जाण्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं. चालत असावी. मग पोलिसाने सिद्धेशकडे पाहिलं आणि ओशाळून सांगितलं की एवढ्या लहान मुलाला चाइल्ड सीटशिवाय गाडीत बसवलं तर त्याला स्वतःलाच स्वतःला दंड करावा लागेल. तेव्हा सगळे चालत निघाले आणि पोलिसाची गाडी त्यांच्या मागून, पायी माणसाच्या वेगाने, दिवे लावून सरकू लागली. त्याने रेडिओवर कुणाला तरी परिस्थिती समजावून सांगितली. मग त्याने तेच पुन्हा, सावकाश सांगितलं.

दुसरी खेप वेगळीच झाली. रुचाने घंटा नीट वाजवली, कारण मागे पोलीस होता. सिद्धेशने बकलाला हात लावला नाही, कारण पोलिसाने कबूल केलं होतं की शहाण्यासारखा चाललास तर शेवटी एकदा सायरन वाजवीन. कुत्रा घेऊन पळणारी एक बाई थांबून काही विचारणार होती, तिला पोलिसानेच खिडकीतून सांगितलं की मॅडमना आत्ता बोलता येणार नाही, आणि मागेही बघता येणार नाही, प्लीज बाजूने जा. ती बाजूने गेली. सिग्नलपाशी तो उतरला, सहापदरी रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पसरले. गाड्या थांबल्या. त्या सगळ्या थांबलेल्या काचांसमोरून, अनवाणी, ओल्या साडीत, फुगलेल्या गालांनी, एक बाई ताम्हन घेऊन गेली. तिच्या कमरेला शेपटीने बांधलेला मारुती होता आणि मागे घंटा होती. कुणी हॉर्न दिला नाही.

सायरन वाजला तो थेट अपार्टमेंटच्या दारात. त्यामुळे झालं असं की जे घरात होते ते सगळे गॅलरीत आले. वरून नंदाकाकू म्हणाल्या, “पकडलं व माय पोरीला.” जगन्नाथकाका लेंग्यावर धावत खाली आले आणि पाण्याबाबत कुणाचा आक्षेप असेल तर आपण साक्ष देऊ, असं त्यांनी पोलिसाला इंग्रजीत सांगितलं. केदार दार उघडून बाहेर आला तेव्हा त्याच्या एका कानाला हेडसेट होता, त्यात कुठल्या कुठल्या देशांतली माणसं बोलत होती, आणि हातात स्पीकरवर लावलेला फोन होता, त्यात सासूबाई होत्या.

“आई, पोलीस आलेत,” केदार फोनमध्ये म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“गौर आली का ते सांग,” सासूबाई म्हणाल्या.

“आलीये. म्हणजे, सुवर्णा आलीये. दारात उभी आहे.”

“मग मी विचारते, तुला काही येत नाही.” सासूबाईंनी घसा साफ केला आणि पूजेच्या आवाजात विचारलं, “गौर आली, कशाच्या पावली आली?”

याचं उत्तर सोन्याच्या पावली, हे घरातल्या कुणीतरी द्यायचं असतं. केदारला ते ठाऊक नव्हतं. सुवर्णाला ठाऊक होतं पण तिच्या तोंडात पाणी होतं. तेव्हा प्रश्नाचं उत्तर नेमकं देणारी जी एकच व्यक्ती हजर होती तिने ते दिलं.

“चालत, आजी,” रुचा म्हणाली. “दोनदा.”

केदारने फोन रुचाच्या तोंडाजवळ धरला.

“दोनदा का गं?”

“सिद्धू पळाला, मग आई ओरडली, मग सगळं पाणी पोलिसाच्या शर्टवर, मग वी वेंट ऑल द वे बॅक.”

सुवर्णाने डोळे मिटून घेतले.

“केदार,” सासूबाई म्हणाल्या, “ते हेडसेट का काय आहे ते काढ. दुधात पाणी घालून आण आणि तिच्या पायावर घाल. नुसतं शिंपडू नकोस. खाली बसून, हाताने चोळून नीट धू. दोन खेपांचे पाय आहेत ते.”

केदारने आधी वर गॅलऱ्यांकडे बघितलं, मग पोलिसाकडे, मग बायकोच्या पायांकडे. पाय काळे झाले होते, घोट्यापर्यंत गवत चिकटलेलं होतं आणि एका अंगठ्याला रक्त होतं. हेडसेटमध्ये कुणीतरी त्याला नाव घेऊन हाक मारत होतं. त्याने तो काढून दाराच्या कडीला अडकवला, आतून दुधाचं भांडं आणलं आणि उंबऱ्यापुढे मांडी घालून बसला. सुवर्णाला अहो नको, सगळे बघतायत, असं म्हणायचं होतं, पण बोलायची सोय नव्हती. चूळ तिने सांभाळली. डोळ्यांतल्या पाण्याला मात्र कसलाच नियम नव्हता.

तिचे झाल्यावर रुचाने बूट काढून आपले पाय पुढे केले, कारण घंटा तिनेच वाजवली होती. मग सिद्धेश, माकडासकट. केदारला एव्हाना त्या कामाची गोडी लागली होती. त्याने पोरांचे पाय बोटांच्या बेचक्यांपर्यंत धुतले आणि भांड्यात अजून दूध उरलंय असं बघून मान वर केली.

पोलिसाने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि तो एक पाऊल हळूच मागे सरकला.